सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृती: नाशिकमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूरच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, एकतीस वर्षं कानस आणि कॅलिपर हातात होते. निवृत्त झाल्यावर हौशी नाटकवाल्यांना तलवारी, कंदील, जुने टेलिफोन, बंदुका असली सामग्री करून द्यायला लागलो आणि त्यातूनच जुन्या रिव्हॉल्व्हरचं वेड लागलं. भाचा टेक्सासमध्ये असतो. त्याच्याकडे दोनदा जाणं झालं. तिथल्या दुकानांत आणि त्याच्या मित्रांच्या टेबलांवर इटालियन, अमेरिकन, स्पॅनिश असे बरेच तुकडे उघडून बघायला मिळाले. तेव्हापासून फोन सुरू आहेत आणि प्रश्न तेच तेच. उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवतो.

सिंगल ॲक्शन म्हणजे नेमकं काय?

दिवाळीतलं रोल टिकल्यांचं पिस्तूल आठवा. चाप ओढला की घोडा आपोआप मागे जातो आणि फटकन पडतो. एका ओढीत दोन कामं, म्हणून डबल ॲक्शन. सिंगल ॲक्शनमध्ये चापाला एकच काम: मागे ताणलेला घोडा सोडून देणं. घोडा दर वेळी अंगठ्याने मागे ओढायचा आणि ओढताना सिलिंडर, म्हणजे काडतुसांची घरं असलेला गोल ठोकळा, एक घर पुढे फिरतो. अंगठा विसरलात तर चाप कितीही दाबा, काही होत नाही. नाटकातल्या नटांना हे पटवायला मला प्रत्येक तालमीत दहा मिनिटं लागतात.

या सगळ्या प्रतिकृती नेमक्या कशाच्या?

बहुतेक एकाच्याच: कोल्टचं १८७३ सालचं सिंगल ॲक्शन आर्मी, लोकांच्या तोंडी ‘पीसमेकर’. .४५ कोल्ट काडतूस (असे आकडे म्हणजे गोळीची साधारण जाडी, इंचात), सहा घरं, काडतूस भरायला उजवीकडे एक छोटं दार. अमेरिकी लष्कराने ते १८७३ मध्ये घेतलं आणि १८९२ मध्ये .३८ चं डबल ॲक्शन स्वीकारेपर्यंत तेच मुख्य रिव्हॉल्व्हर होतं. सॅम्युएल कोल्टने ते बनवलं, असं सांगणारे बरेच भेटतात. कोल्ट १८६२ मध्येच वारला होता. रचना विल्यम मेसन या त्याच्या कंपनीतल्या माणसाची.

प्रतिकृतींचा बाजार मात्र सिनेमा-टीव्हीने उभा केला. कोल्टने १९४० च्या सुमारास हे रिव्हॉल्व्हर बंद केलं, मागणी संपली म्हणून. पुढच्या दहा-बारा वर्षांत अमेरिकी टीव्हीवर काउबॉय आले आणि ज्याला त्याला तेच हवं झालं. १९५३ मध्ये रुगर या अमेरिकी कंपनीने .२२ चं सिंगल-सिक्स काढलं, १९५४ मध्ये लॉस एंजेलिसच्या ग्रेट वेस्टर्न कंपनीने जवळपास हुबेहूब नक्कल काढली. मग १९५६ मध्ये कोल्टलाच परत यावं लागलं. आपल्याच मालाची नक्कल खपते म्हणून मूळ दुकान पुन्हा उघडायचं, असा हा प्रकार.

नाशिकमध्ये राहून मला यातलं काही घेता येईल का?

हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी यायला हवा. इटलीत बनलेली, काडतूस झाडणारी ‘प्रतिकृती’ ही कायद्याच्या लेखी सरळसरळ अग्निशस्त्र. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम तिला लागू. नावात प्रतिकृती आहे म्हणून काही सूट नाही. नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू भरायच्या जुन्या पद्धतीच्या हत्यारालाही इथे परवाना लागतो. अमेरिकेत त्या प्रकाराला बरीच मोकळीक आहे, त्यावरून इथल्या लोकांचा गैरसमज होतो. परवाना मिळाला तरी २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं. त्यात परदेशातून रिव्हॉल्व्हर मागवण्याची वाट सामान्य परवानाधारकाला जवळजवळ बंदच. इथला परवानाधारक साधारणपणे कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२ घेतो आणि ते डबल ॲक्शन.

म्हणजे उबेर्ती बरं की पिएट्टा (प्रतिकृती बनवणारे दोन इटालियन कारखाने), हा प्रश्न नाशिककरासाठी अभ्यासाचा आहे. घड्याळ न घेता घड्याळाच्या आत बघणारे लोक असतात ना, तसा. मी त्यांतलाच.

एअरगनबद्दल नियम वेगळा आहे, तो खाली येतो. न झाडणारी धातूची डमी घ्यायची असेल, तर विक्रेता काय म्हणतो यावर जाऊ नका. आधी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. मी स्वतः नाटकांसाठी लाकूड आणि रेझिन वापरतो, त्यामुळे झोप शांत लागते.

उबेर्ती आणि पिएट्टा यांत फरक काय?

दोघंही उत्तर इटलीच्या ब्रेशा जिल्ह्यातले. उबेर्तीचं मूळ गार्दोने व्हाल त्रोम्पियात, पिएट्टाचं गुस्सागोत. त्या खोऱ्यात शेकडो वर्षं बंदुका बनतात. बेरेट्टाचा कारखानाही तिथलाच, त्याची नोंद १५२६ पासूनची. आल्दो उबेर्तीने १९५९ मध्ये काम सुरू केलं. अमेरिकेत यादवी युद्धाची शंभरी जवळ आली होती आणि व्हॅल फॉर्गेट नावाचा अमेरिकी व्यापारी १८५१ च्या नेव्ही रिव्हॉल्व्हरची नक्कल करून देणारा माणूस शोधत या खोऱ्यात पोचला होता. तिथून हा धंदा सुरू झाला. २००० पासून उबेर्ती बेरेट्टाच्या घरात आहे. पिएट्टा अजून कुटुंबाचीच.

हातात घेतल्यावर पहिला फरक मुठीचा. उबेर्तीच्या अक्रोडाच्या मुठीवर लालसर, जाड, चकचकीत व्हार्निश असतं. आपल्याकडे लग्नाच्या फर्निचरवर मारतात तसं. अमेरिकेतले हौशी लोक घरी आणल्यावर पहिल्यांदा तेच खरवडतात आणि तेल चोळतात. पिएट्टाचं लाकूड त्या मानाने साधं.

आतल्या कामात पिएट्टाने गेल्या पंधरा-वीस वर्षांत मोठी मजल मारली आहे. जुन्या अमेरिकी लोकांच्या मनात ‘उबेर्ती वरचं, पिएट्टा स्वस्तातलं’ हे पक्कं बसलंय, पण ते जुन्या मालावरून. मी जे हाताळले त्यात नव्या पिएट्टाचे कोपरे अधिक सफाईने मारलेले होते आणि सिलिंडर बंद झाल्यावर कमी हलत होता. उबेर्तीचं बलस्थान वेगळं: मॉडेलांची रेलचेल. १८७३ चं कॅटलमन, रेमिंग्टनची १८७५ आणि १८९० ची, स्मिथ अँड वेसनच्या मधून मोडणाऱ्या स्कोफील्डची नक्कल, सगळं एका छताखाली. किमतीत पिएट्टा सहसा थोडं खाली असतं.

सुरक्षेच्या रचनेत उबेर्तीने बरेच बदल केले आहेत आणि तुलना करताना लोक तिथेच गोंधळतात. जुन्या उबेर्तीत सिलिंडरच्या मधल्या दांड्याला दोन खाचा असायच्या. दांडा एक खाच आत ढकलला की त्याचं टोक घोड्याच्या आड यायचं आणि घोडा पूर्ण पडू शकायचा नाही. नव्या कॅटलमन-टू मध्ये घोड्यातली टोचणी, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळणारं टोक, आत सरकणारी केली आहे आणि चाप दाबलेला असेल तेव्हाच ती पुढे येते. सुरक्षेला उत्तम. मूळ यंत्रणेचा चाहता मात्र तोंड वाकडं करतो.

मला एकच निवडायचं असतं तर? १८७३ साठी चार टक् वाजवणारं पिएट्टा, रेमिंग्टन १८७५ साठी उबेर्ती. त्यावर भाचा म्हणतो, “मामा, तुला घ्यायचं नाहीच आहे, मग निवड कसली करतोस?”

चार टक् म्हणजे काय? सगळे त्याबद्दलच का बोलतात?

कारण अख्ख्या यंत्राची तब्येत त्या चार आवाजांत कळते. डॉक्टर छातीला नळी लावतो तसं मी कान लावतो.

काडतूस नसल्याची स्वतः खात्री करून घोडा सावकाश मागे ओढा. पहिला टक्: चापाचं टोक घोड्याच्या बुडाशी असलेल्या पहिल्या, सुरक्षेच्या खाचेत बसतं. दुसरा: अर्धा घोडा. इथे सिलिंडर मोकळा फिरतो आणि बाजूचं दार उघडून एकेक घर भरता येतं. तिसरा: खालून एक छोटी जीभ वर उडी मारते आणि सिलिंडरवरच्या खाचेत शिरते, सिलिंडर कुलूपबंद. चौथा: पूर्ण घोडा. अमेरिकेत गमतीने सांगतात, कोल्टच्या इंग्रजी नावात चार अक्षरं, म्हणून टक्ही चार.

आता बारकावा. तिसरा आणि चौथा टक् जितके जवळ, तितकं फिटिंग चांगलं. अगदी नेमक्या तुकड्यात ते दोन मिळून एकच ठसठशीत आवाज येतो. तिसरा फार आधी आला तर सिलिंडर अडकल्यावरही त्याला फिरवणारा पंजा वर ढकलत राहतो आणि काहीतरी झिजतं. तिसरा आलाच नाही आणि घोडा पूर्ण चढला, तर सिलिंडर उघडाच राहिला. गोळी झाडणाऱ्यासाठी हे धोक्याचं.

सिलिंडरवर डोळ्यांनीही बघायचं. प्रत्येक खाचेच्या अलीकडे एक उतरती वाट कोरलेली असते, घागरीच्या ओठासारखी. जीभ त्या वाटेवर उतरून खाचेत घसरायला हवी. ती आधीच उतरली तर सिलिंडरभोवती गोल ओरखडा उमटतो, बांगडी घातल्यासारखा. टेक्सासमध्ये एका जुन्या बाजारात मला एक इटालियन तुकडा दाखवला, वरून लखलखीत, निळा रंग नवा. सिलिंडर बोटाने फिरवला तर बांगडी इतकी खोल की नख अडकत होतं. विकणारा म्हणाला, फार वापरलेलं नाही. नसेलही. वाईट फिटिंग असलं की शे-दोनशे वेळा घोडा ओढला तरी एवढं होतं. बनवणाऱ्याचं नाव सांगत नाही, एका तुकड्यावरून घराण्याची बदनामी कशाला.

सिमरॉन, टेलर्स, ईएमएफ या वेगळ्या कंपन्या आहेत का?

या आयात करणाऱ्या पेढ्या. सिमरॉन टेक्सासमधली, टेलर्स व्हर्जिनियातली. कारखाना बहुधा उबेर्ती किंवा पिएट्टाच असतो. नळीवरचं नाव, रंग, मूठ आणि कधीकधी आतली स्प्रिंग पेढीच्या सांगण्यावरून बदलते. ईएमएफने ‘ग्रेट वेस्टर्न टू’ या नावाने विकलेलं रिव्हॉल्व्हर पिएट्टाचं, १९५४ च्या ग्रेट वेस्टर्नशी त्याचा नावापुरताच संबंध. सूत एकाच गिरणीचं आणि काठावर दुकानदाराचं नाव, हे आपल्याला समजायला अवघड नाही.

जुना तुकडा कधीचा आहे हे कसं ओळखायचं?

इटालियन असेल तर फारच सोपं. सराफ बाजारात हॉलमार्क बघता तसा शिक्का शोधा. इटलीत प्रत्येक हत्यार सरकारमान्य परीक्षण केंद्रातून जातं आणि त्यावर वर्षाचं चिन्ह उमटतं, चौकटीत दोन रोमन अक्षरं. ‘एए’ म्हणजे १९७५, ‘सीए’ म्हणजे २००६. त्याआधीच्या मालावर रोमन आकडे. काही अक्षरं मध्ये गाळलेली आहेत, त्यामुळे बोटं मोजून वर्ष काढू नका, तक्ता बघा.

शेजारी ‘पीएन’ असेल तर ते इटालियन भाषेतल्या ‘काळी दारू’चं लघुरूप. ते हत्यार काळ्या दारूसाठीच तपासलेलं आहे. ‘पीएसएफ’ असेल तर बिनधुराच्या दारूसाठी. हा फरक न बघता दारू बदलणाऱ्यांचे हात गेलेले आहेत.

रुगर व्हॅकेरो प्रतिकृतीत धरायचं का?

दिसायला धरा, आत धरू नका. बाहेरून १८७३, आत नवं यंत्र. पातळ पट्टीच्या स्प्रिंगांच्या जागी गुंडाळीच्या स्प्रिंगा, त्या सहसा तुटत नाहीत. १९७३ पासून रुगरने घोडा आणि टोचणी यांच्यामध्ये सरकणारी पट्टी घातली. चाप दाबलेला नसेल तर पट्टी खाली असते आणि घोड्याचा मार टोचणीपर्यंत पोचतच नाही. म्हणून रुगरमध्ये सहाही घरं भरता येतात. मूळ कोल्टमध्ये आणि त्याच्या चोख नकलांमध्ये पाचच भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवायचा, कारण त्यात टोचणी थेट काडतुसावर टेकते. रिव्हॉल्व्हर हातातून पडलं तरी उडू शकतं.

अर्धा घोडाही रुगरमध्ये नाही. बाजूचं दार उघडलं की सिलिंडर मोकळा. व्हॅकेरो १९९३ चं, २००५ मध्ये ते बारीक करून मूळ कोल्टच्या मापाजवळ आणलं. मजबुतीत इटालियन माल त्याच्या पासंगाला पुरत नाही. पण चार टक् ऐकायला जाल तर निराश व्हाल.

काडतुसाआधीच्या, म्हणजे सुटी दारू-गोळी भरून मागे स्फोटक टोपी लावायच्या, टोपी-गोळीच्या प्रतिकृतींमध्ये कोण चांगलं?

इथे मला बोलायला आवडतं, कारण हा निव्वळ फिटरचा विषय आहे.

१८५१ चं नेव्ही आणि १८६० चं आर्मी या कोल्टच्या रिव्हॉल्व्हरांना वरून पट्टी नाही, फ्रेम उघडी. नळी जागेवर धरते ती एक आडवी पाचर. हो, पाचरच, कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकतो तशी. फ्रेममधून निघालेला जाड दांडा नळीखालच्या ठोकळ्यातल्या भोकात जातो आणि दोघांमधून पाचर आरपार ठोकतात. आता दांडा भोकाच्या तळाला टेकला तर पाचर कितीही ठोका, नळी आणि सिलिंडर यांतली फट तेवढीच राहते. उबेर्तीच्या उघड्या फ्रेमच्या रिव्हॉल्व्हरांत दांडा तळापर्यंत न पोचण्याची तक्रार जगभर प्रसिद्ध आहे. मग पाचर जास्त ठोकली की नळी मागे झुकते, फट बंद होते आणि सिलिंडर घासतो. कमी ठोकली की सगळं खुळखुळतं. पिएट्टाचा दांडा टेकतो. या एका गोष्टीमुळे टोपी-गोळीच्या कोल्ट नकलांत जाणकार पिएट्टाकडे झुकतात.

दांड्याच्या टोकाला मापाची चकती किंवा बटण बसवून हा दोष दूर करतात. साधारण ०.१५ मिमीची फट राहिली पाहिजे. हे काम आमच्या टूलरूममधल्या कुठल्याही पोराने जेवणाच्या सुट्टीत केलं असतं. मग कारखानाच ते का करत नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

रेमिंग्टनच्या न्यू मॉडेल आर्मीत ही भानगडच नाही. त्याला वरून पट्टी आहे, नळी फ्रेममध्ये आट्यांनी बसवलेली. त्याला सगळे १८५८ चं म्हणतात, पण ते साल नळीवर छापलेल्या पेटंटचं. ते मॉडेल बाजारात आलं १८६३ मध्ये.

पितळी फ्रेमचं .४४ नेव्ही दिसतं ते खरं होतं का?

कोल्टने असं कधीच बनवलं नाही. १८५१ चं नेव्ही .३६ चं आणि फ्रेम लोखंडी. यादवी युद्धात दक्षिणेकडच्या काही कारखान्यांनी लोखंडाच्या टंचाईत पितळी फ्रेम वापरली, तीही .३६ साठी. .४४ चं पितळी नेव्ही हे विसाव्या शतकातल्या विक्रेत्यांचं बाळ. पितळ मऊ, दणके बसून फ्रेम ताणली जाते. दिसतं मात्र झकास, तांबट आळीतून नुकतंच घासूनपुसून आणल्यासारखं. भिंतीवर लावायला ठीक.

खुद्द कोल्टचं आजचं रिव्हॉल्व्हर घेतलं तर ते ‘अस्सल’ ना?

नाव अस्सल. पण कोल्टच्याही पिढ्या आहेत. पहिली १८७३ पासून १९४० च्या आसपासपर्यंत, साडेतीन लाखांहून जास्त नग. दुसरी १९५६ ते १९७४. तिसरी १९७६ पासून. तिसऱ्या पिढीत नळीचे आटे इंचाला २० होते ते २४ केले, पंजाचा आकार बदलला, सिलिंडरच्या मधलं निघणारं बुशिंगही सुरुवातीला काढून टाकलं. म्हणजे मूळ घराण्याच्या नातवाची नळी आजोबाच्या फ्रेममध्ये बसत नाही. इटालियन नकलांचे स्क्रू तर मेट्रिक. त्यामुळे ‘कोल्टचा सुटा भाग आणून उबेर्तीत टाकू’ हे बोलायला सोपं, करताना कानस घ्यावीच लागते.

कोल्टची किंमत इटालियन मालाच्या काही पट. त्यातली बरीच कंपनीच्या उधळत्या घोड्याच्या शिक्क्याची.

नळीची लांबी कोणती बरोबर?

तिन्ही. साडेसात इंच घोडदळाची, साडेपाच ‘आर्टिलरी’, पावणेपाच नागरी. देवळालीकरांना आर्टिलरी हे नाव ऐकून लगेच आपुलकी वाटते. पण ते नाव संग्राहकांनी मागाहून ठेवलेलं. झालं असं की १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात लष्कराने जुनी घोडदळाची रिव्हॉल्व्हर दुरुस्तीला काढली आणि नळ्या कापून साडेपाच इंच केल्या. खोलताना सुटे भाग एका ढिगात पडले आणि जुळवताना ज्याचं त्याला गेलं नाही. म्हणून खऱ्या आर्टिलरी कोल्टवर फ्रेमचा नंबर एक आणि सिलिंडरचा दुसराच असतो. सगळे नंबर जुळले तर जाणकाराला उलट शंका येते.

फ्रेमवरचा निळा-तपकिरी ढगांचा रंग खरा की रंगवलेला?

मूळ पद्धतीत फ्रेम हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात पुरून भट्टीत लाल करतात आणि मग पाण्यात सोडतात. पोलादाचा वरचा थर कडक होतो आणि रंग आपोआप उमटतो, प्रत्येक नगावर वेगळा. मूळ हेतू कडकपणाचा, सौंदर्य फुकटात. नेहमीच्या इटालियन मालावर बहुधा रासायनिक पद्धतीने रंग आणतात. तो दिसतो बरा, पण पट्टे जरा शिस्तीत असतात आणि घासला की लवकर फिका पडतो. खऱ्या भट्टीच्या रंगात एक प्रकारचा बेशिस्तपणा असतो. पैठणीच्या पदरासारखा तो तिरपा धरून बघावा.

न झाडणाऱ्या प्रतिकृतींत कोणत्या चांगल्या?

स्पेनच्या मेनोर्का बेटावरची डेनिक्स सगळ्यात जास्त दिसते. जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेला माल, वजन हाताला पटण्याजोगं, घोडा ओढता येतो, सिलिंडर फिरतो. पाच फुटांवरून कोणीही फसेल. जवळ घेतलं की ओतकामाची शिवण, गोल झालेले कोपरे आणि स्क्रूच्या जागी नुसती उमटवलेली खाच दिसते.

याच्या दुसऱ्या टोकाला जपान. तिथे १९७१ मध्ये कायदा झाला की धातूची पिस्तुलाच्या आकाराची मॉडेलं पांढरी किंवा पिवळी-सोनेरीच हवीत आणि नळी बुजवलेली हवी. १९७७ मध्ये अजून कडक नियम आले. दुसऱ्या कुठल्या देशात धंदा बसला असता. जपानी लोकांनी प्लास्टिकमध्ये धातूची पूड मिसळून जड प्लास्टिक काढलं आणि तनाका, हार्टफर्ड यांसारख्या मंडळींनी त्यात आतली सगळी यंत्रणा बसवली, घोड्याच्या खाचांसकट. एका जपानी मॉडेलचे चार टक् ऐकताना मी डोळे मिटले होते. उघडल्यावर हातात प्लास्टिक आहे यावर विश्वास बसेना.

कोल्टच्या नावाची एअर रिव्हॉल्व्हर मिळते ती कशी आहे?

जर्मनीच्या उमारेक्सची, कोल्टचं नाव रीतसर परवान्याने वापरलेली. साडेचार मिमीचा छर्रा, मुठीत कार्बन डायऑक्साइडची नळकांडी. गंमत अशी की छर्रा खोट्या काडतुसात बसवून काडतूस बाजूच्या दारातून भरायचं, अगदी मुळासारखं. तुलनेत मी तिला वरचा नंबर देतो, कारण भरायची जुनी पद्धत हाताला शिकवणारी, काडतूस न झाडणारी वस्तू सहज सापडत नाही.

आपल्या नियमांत एअरगनसाठी रेषा आहे: .१७७ इंचाची नळी आणि २० जूलपर्यंतची ऊर्जा. त्यावर गेलात की परवाना. ही रेषेच्या बरीच खाली येते. तरी आयात, कस्टम आणि घेताना भरायची ओळखपत्रं हे विषय वेगळे, ते आधी विचारून घ्या. आणि गच्चीवर नेम धरू नका. रस्त्यावरच्या माणसाला खालून नुसतं रिव्हॉल्व्हर दिसतं.

नाटकासाठी कोणतं घेऊ?

माझं न ऐकता बहुतेक जण धातूचंच मागतात, म्हणून एक प्रसंग सांगतो. स्पर्धेचा प्रयोग. दुसरा अंक, खलनायक घोडा ओढतो आणि सभागृह शांत. घोडा ओढला आणि तो त्याच्या अंगठ्यातच राहिला. जस्ताचं ओतकाम, आत बुडबुडा होता, तिथून तुटलं. नट हुशार, घोडा मुठीत लपवून संवाद पुढे नेला. पण पहिल्या रांगेला तुकडा पडल्याचा आवाज आला होता. पुढचा मृत्यू हशात झाला. दोष माझा, मी रंग करून दिला होता पण घोड्यावर जोर देऊन तपासला नव्हता. तेव्हापासून शरीर लाकडाचं, घोडा आणि चाप पट्टीच्या पोलादातून कापून पाणी दिलेले, नळी पूर्ण भरीव. आवाज विंगेतून.

अजून एक. नाशिकमध्ये दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी अनंत कान्हेरेंवर एकांकिका करतं आणि मला फोन येतो: “काका, कान्हेरेंचं रिव्हॉल्व्हर पाहिजे, ते काउबॉयवालं चालेल.” चालणार नाही. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर झाडलं गेलं ते ब्राउनिंग पिस्तूल. त्याला सिलिंडरच नाही, मुठीत मॅगझिन असतं. ज्या गावात ते घडलं, त्या गावाच्या रंगमंचावर तरी हे बरोबर दिसायला हवं. त्यासाठी मी चपट्या पिस्तुलाचा वेगळा लाकडी साचा करून ठेवला आहे, भाडं घेत नाही.

डमीमध्ये बदल करून ती चालू करता येते का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी दुसऱ्यांदा फोन उचलत नाही. तो गुन्हा आहे आणि जस्ताची नळी पहिल्या बारात विचारणाऱ्याच्याच हातात फुटते.

प्रतिकृती प्रयोगाला किंवा परगावी कशी न्यायची?

खोक्यात बंद करून, वर नाटकमंडळाच्या नावाचं पत्र, प्रयोगाची तारीख आणि ठिकाण. दुचाकीच्या डिकीत एकटी नाही, कमरेला तर मुळीच नाही. विमानात केबिनमध्ये प्रतिकृती किंवा खेळण्यातली बंदूकही चालत नाही. भाच्याने मला एकदा पीसमेकरच्या आकाराचं चावीचं किचेन दिलं होतं, बोटभर लांब. परत येताना तेही मी चेक-इनच्या बॅगेत टाकलं. विंगेत मात्र एकच माणूस जबाबदार ठेवा, प्रयोग संपला की त्याने मोजून खोक्यात भरायचं. माझ्याकडून नेलेल्या खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आकडा लिहिलेला असतो, तेवढे नग परत आले की अनामत रक्कम लगेच देतो.